श्मशानवैराग्याकडून विवेकाकडे : दुर्गाघाटावरून घेतलेला एक पाठ



आपल्या भाषेत 'श्मशानवैराग्य' असा एक नेमका शब्द आहे. कोणाच्या तरी अंत्ययात्रेला आपण जातो. चितेला अग्नी दिला जातो, आणि त्या अर्ध्या तासात आपल्याला सगळे लख्ख दिसते. कशासाठी एवढी धावाधाव, कशासाठी भावाशी अबोला, कशासाठी त्या दोन गुंठ्यांचा वाद, असे प्रश्न मनात उभे राहतात. पण घरी येऊन अंघोळ केली, चहा घेतला, मोबाईल हातात घेतला की त्या वैराग्याचा मागमूसही राहत नाही. अबोला तसाच राहतो, वादही तसाच राहतो.

श्मशानात झालेले दर्शन खोटे नसते. त्याला धरून ठेवणारे काही आपल्यापाशी नसते, म्हणून ते निसटते. या पाठात आपल्याला पाहायचे आहे की अंत्यभूमीत झालेली क्षणिक जाणीव टिकाऊ विवेकात कशी बदलते. त्यासाठी आपण काशीच्या दुर्गाघाटावरून निघू, जुन्या समाध्या आणि कबरी शांतपणे पाहू, आणि शेवटी आपापल्या गावच्या शिवेवर येऊन थांबू.

दुर्गाघाट : मराठी माणसाच्या ओळखीची पायरी

वाराणसीच्या घाटांच्या रांगेत पंचगंगाघाट आणि ब्रह्माघाट यांच्या मधोमध दुर्गाघाट आहे. नवदुर्गांपैकी दुसरी, म्हणजे ब्रह्मचारिणी देवी, तिचे मंदिर येथे आहे. नवरात्राच्या दुसऱ्या माळेला तिच्या दर्शनाला रांग लागते. हा घाट अठराव्या शतकात पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांनी बांधवून घेतला. नाना फडणवीसांच्या नावाने ओळखला जाणारा वाडाही याच परिसरात आहे. येथल्या गल्ल्यांतून पिढ्यान्पिढ्या मराठी कुटुंबे राहत आली. काशीत आयुष्याची अखेर व्हावी म्हणून देशावरून आणि कोकणातून आलेली कितीतरी वृद्ध माणसे याच पायऱ्यांवर सकाळचे स्नान करीत असत.

मरणासाठी आलेल्या एवढ्या माणसांच्या या वस्तीत दफनभूमी मात्र नाही. ज्या नगरीला 'महाश्मशान' म्हणतात, तेथे बहुतेकांची राख गंगेला मिळते आणि नावाची खूण मागे उरत नाही. नारायण दीक्षितांचेच पाहा. रोज दुर्गाघाट उतरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते नाव ठाऊक असेल. पण पायरी आहे, आणि तिच्यावरून म्हातारे पाऊल आधार घेत पाण्यापर्यंत पोचते. आपल्या पाठाची ही पहिली ओळ समजा.

आता नदीकडे तोंड करून उभे राहू. उजव्या हाताला, म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगाला, लगेच पंचगंगा, पुढे मणिकर्णिका आणि खूप पुढे शिवाला. डाव्या हाताला, प्रवाहाच्या खालच्या अंगाला, राजघाट. या रेषेवर शोधणाऱ्याला चार गोष्टी सापडतात.

पहिला शोध : ज्याची कबर नाही असा संत

दुर्गाघाटाला लागूनच पंचगंगाघाट. येथे एकोणिसाव्या शतकात त्रैलंग स्वामी राहत होते. आंध्रातून आलेला हा विरक्त पुरुष काशीचा चालता-बोलता विश्वनाथ मानला गेला. श्रीरामकृष्ण परमहंस १८६८ साली काशीयात्रेला आले तेव्हा त्यांनी त्यांचे दर्शन घेतले आणि तशीच भावना व्यक्त केली. डिसेंबर १८८७ मध्ये स्वामींनी देह ठेवला. त्यांचा मठ आजही आहे, मूर्तीही आहे. पण त्यांचा देह शोधायला गेलात तर तो कोठेच मिळत नाही. पेटीत ठेवून तो गंगेच्या पात्रात सोडण्यात आला.

असे का, हे समजून घेऊ. गृहस्थाच्या देहाला अग्नी दिला जातो, कारण आयुष्यभर त्याने अग्नीची उपासना केलेली असते आणि त्याचे अंत्यकर्म त्याच्या मुलाकडे असते. संन्यास घेताना मात्र माणूस विरजा होम करतो, स्वतःचे श्राद्ध स्वतःच उरकतो आणि अग्नी सोडून देतो. लोकांच्या दृष्टीने तो त्या दिवशीच मेलेला असतो. म्हणून देह पडल्यावर त्याला पुन्हा अग्नी देत नाहीत. त्याला भूमीत बसवतात किंवा नदीत सोडतात. पहिलीला आपण भूसमाधी म्हणतो, दुसरीला जलसमाधी.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. 'माझे काय उरेल?' या प्रश्नाचे ओझे ज्याने जिवंतपणीच उतरवले, त्याला मरणानंतर जागा लागत नाही. आपण संन्यासी नाही आणि घर सोडण्याची गरजही नाही. पण आठवड्यातून एकदा तरी 'माझे' म्हणून धरलेली एक गोष्ट, एखादा जुना राग, एखादा मानाचा हट्ट, स्वतःच्या हाताने सोडून देता येते. हे गृहस्थाचे छोटे आत्मश्राद्धच आहे.

दुसरा शोध : थडग्याखालचे शहर

आता डावीकडे, राजघाटाकडे जाऊ. येथे गंगेच्या उंच काठावर लाल खान यांचा मकबरा आहे. हे काशीच्या राजांच्या सेवेतले अठराव्या शतकातील एक मोठे अधिकारी. मोकळ्या जागेत उभी असलेली घुमटाची ही इमारत पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. पाहायला येणारे घुमट पाहतात, फोटो घेतात आणि निघतात. थोडे थांबले की आवारातले विटांचे पाये दिसू लागतात.

१९४०च्या सुमारास रेल्वेच्या कामासाठी येथली माती उकरली गेली आणि जुनी मातीची भांडी, मुद्रा, मूर्ती बाहेर येऊ लागल्या. पुढे काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या अभ्यासकांनी पद्धतशीर उत्खनन केले. थरावर थर निघत गेले. बुद्धाच्या काळाच्याही आधीपासून येथे माणसे राहत होती हे दिसून आले. म्हणजे ज्या भूमीला आपण एका माणसाच्या शेवटच्या विश्रांतीची जागा समजतो, ती खरे तर शेकडो पिढ्यांच्या स्वयंपाकघरांची, अंगणांची आणि बाजारांची जागा आहे.

लाल खान नवे वाटावेत इतकी ती जमीन जुनी आहे. आणि आपण? आपला फ्लॅट, आपली सोसायटी, आपली पार्किंगची जागा या साऱ्यांच्या खालीही कोणाचे तरी घर होते आणि वरही कोणाचे तरी होणार आहे. हा विचार निराश करण्यासाठी नाही. भाड्याच्या घरात राहणारा समजूतदार माणूस भिंतीला उगाच खिळे ठोकत नाही आणि जाताना घर झाडून देतो. पृथ्वीवर असे राहता आले तर ते वैराग्यच आहे, आणि त्यासाठी भगवी वस्त्रे लागत नाहीत.

तिसरा शोध : कोरलेली तीन नावे आणि न कोरलेली अनेक

आता उलट दिशेला, मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र हे दोन्ही दहनघाट ओलांडून शिवाल्याकडे. येथे चेतसिंह घाटाचा किल्ला आहे. ऑगस्ट १७८१ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने काशीचे राजे चेतसिंह यांना याच वास्तूत कैद केले. पहाऱ्यावर ठेवलेल्या शिपायांजवळ दारूगोळाच नव्हता. राजाची माणसे धावून आली, मोठी झटापट झाली, चेतसिंह खिडकीतून नदीच्या बाजूने निसटले. पहाऱ्यावरच्या तुकड्या जवळजवळ कापल्या गेल्या.

त्या दिवशी मारल्या गेलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या कबरी या भागात आहेत. तेथे नंतर सरकारने बसवलेल्या शिळेवर स्कॉट, सिम्स आणि स्टॉकर या तीन लेफ्टनंटांची नावे आहेत. त्यांच्याबरोबर जे हिंदुस्थानी शिपाई पडले, त्यांची नावे त्या शिळेवर नाहीत. कोणाच्या गावी कोण वाट पाहत राहिले, कोणाच्या आईला कधी कळले, हे सांगणारे तेथे काही नाही. आणि चेतसिंहांच्या बाजूने लढताना जे पडले, त्यांच्या नावांची शिळा तर उभीच राहिली नाही.

दगड खोटे बोलत नाही, पण सगळे सांगतही नाही. कोणाचे नाव कोरायचे हे ज्याच्या हाती छिन्नी आणि पैसा असतो तो ठरवतो. म्हणून जुन्या दफनभूमीत गेल्यावर आधी लिहिलेले वाचावे आणि मग येथे कोणाचे नाव असायला हवे होते ते स्वतःला विचारावे.

हा प्रश्न मनात घेऊन पुन्हा आपल्या घाटांकडे परत येऊ. कार्तिक महिन्यात पंचगंगा आणि आसपासच्या घाटांवर उंच बांबू उभारतात. त्यांच्या टोकाला वेताच्या टोपल्या असतात आणि संध्याकाळी त्यांत दिवे ठेवून दोरीने वर चढवतात. हे आकाशदीप. पितरांना वाट दिसावी म्हणून ते लावायचे. पंचगंगेवर अहिल्याबाई होळकरांनी उभारलेला दगडी दीपस्तंभ आहे. त्याला 'हजारा' म्हणतात. कार्तिक पौर्णिमेला तो उजळतो. त्या दिव्यांवर कोणाचेही नाव नसते. त्यामुळेच त्यांचा उजेड सर्वांना पोचतो.

आपल्या तर्पणविधीतही ही सोय पूर्वजांनी करून ठेवली आहे. आपल्या वडील-आजोबा-पणजोबांना पाणी देऊन झाले की ज्यांना पाणी देणारे कोणीच उरले नाही, जे आपले नातेवाईक नाहीत, जे कोठे मेले हे कोणाला माहीत नाही, अशांसाठीही एक ओंजळ सोडायची असते. पुष्कळदा गुरुजी घाईत असतात, आपणही घाईत असतो, आणि ती ओंजळ यांत्रिकपणे सुटते. पुढच्या पितृपक्षात त्या एका ओंजळीपाशी क्षणभर थांबा. शिवाल्याच्या त्या शिपायांची आठवण करा. आपले घर बांधताना उन्हात उभे राहिलेले मजूर, आपल्या आजीचे बाळंतपण केलेली सुईण, ज्यांची नावे आपण कधी विचारली नाहीत, त्यांचीही आठवण करा.

चौथा शोध : अजानवृक्षाची मुळी

आता या पाठाच्या गाभ्याशी येऊ. याच काशीत, मणिकर्णिकेच्या तीरावर, पैठणचे एक मराठी गृहस्थ भागवताच्या एकादश स्कंधावर मराठीत टीका लिहीत होते. शके १४९५, म्हणजे १५७३ सालच्या कार्तिक पौर्णिमेला त्यांनी तो ग्रंथ पूर्ण केला. हे संत एकनाथ. ज्या रात्री आज हजारा उजळतो, त्याच तिथीला एकनाथी भागवत पुरे झाले.

नाथांच्या आयुष्यातली पुढची एक हकीकत आपल्या विषयाला थेट भिडणारी आहे. ज्ञानेश्वर माउलींनी शके १२१८, म्हणजे १२९६ साली कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत सिद्धेश्वराजवळ संजीवन समाधी घेतली. पुढे काळ बदलला, परिसर झाडोऱ्याने भरला आणि समाधीचे स्थान लोकांच्या नजरेआड गेले. परंपरा सांगते की एकनाथांचा घसा दुखू लागला आणि स्वप्नात माउलींनी येऊन सांगितले : अजानवृक्षाची मुळी माझ्या कंठाला लागली आहे, ती येऊन काढ. नाथ आळंदीला गेले, झाडी दूर केली, समाधी शोधून काढली, मुळी बाजूला केली.

इथपर्यंतची गोष्ट आपण कीर्तनात अनेकदा ऐकली आहे आणि ऐकताना हात जोडले आहेत. पण नाथ येथे थांबले नाहीत. ज्ञानेश्वरी लिहून झाल्याला तेव्हा जवळपास तीनशे वर्षे झाली होती. हाताने नकला करता करता कोणी शब्द चुकवले होते, कोणी आपल्या पदरच्या ओव्या घुसवल्या होते. नाथांनी अनेक पोथ्या जुळवल्या, भर काढून टाकली, पाठ शुद्ध केला. शके १५०६, म्हणजे १५८४ साली ते काम पूर्ण झाले. त्यात स्वतःची एकही ओवी मिसळू नये असा इशाराही त्यांनी पुढच्यांना दिला. स्वतः हजारो ओव्या लिहिणारा हा सिद्धहस्त कवी दुसऱ्याच्या ग्रंथात मात्र आपले अक्षर येऊ देत नाही. एवढा अहंकार बाजूला ठेवणे हीदेखील समाधीच म्हणावी लागेल.

आता त्या मुळीचा अर्थ वेगळा दिसू लागतो. माउलींचा कंठ म्हणजे माउलींची वाणी. ती वाणी चुकीच्या पाठांनी आवळली गेली होती. नाथांनी जमिनीतली मुळी काढली तशी पोथीतलीही काढली. समाधी सापडली याचा आनंद आळंदीपुरता राहिला असता. शुद्ध ज्ञानेश्वरी मात्र घराघरांत पोचली. आज आपण जी ज्ञानेश्वरी हातात धरतो, तिच्यामागे जुन्या समाधीभूमीत झालेला हा शोध उभा आहे.

श्मशानवैराग्य टिकत का नाही, याचे उत्तर येथे मिळते. आपण समाधीपुढे हात जोडतो आणि परत येतो. नाथांनी हात जोडले आणि काम अंगावर घेतले. भाव कृतीत उतरला की टिकतो, नाहीतर तो वाफेसारखा उडून जातो. आणि पुढे स्वतः नाथांनी काय केले? शके १५२१ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला त्यांनी पैठणला गोदावरीत देह ठेवला. दुसऱ्याची समाधी शोधून काढणारा हा पुरुष स्वतः मात्र वाहत्या पाण्यात गेला.

आपल्या गावच्या शिवेवर

काशीला किंवा आळंदीला जाणे सर्वांना लगेच जमेल असे नाही. पण महाराष्ट्रातल्या बहुतेक जुन्या गावांच्या शिवेवर, नदीकाठी किंवा महादेवाच्या देवळामागे एक दुर्लक्षित जागा असते. तेथे काय पाहावे, याची थोडी ओळख करून घेऊ.

_वीरगळ._ उभ्या शिळेवर खालून वर असे तीन-चार कप्पे कोरलेले असतात. सर्वांत खाली लढाई किंवा पडलेला वीर. तेथे गाई कोरलेल्या असतील तर गावची गुरे राखताना तो मेला असे समजावे. मधल्या कप्प्यात अप्सरा त्याला वर नेतात. सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. माथ्यावर सूर्य आणि चंद्र, म्हणजे ते असेपर्यंत याची कीर्ती राहो. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसर गावातल्या वीरगळांवर तर नौकांची लढाई कोरलेली आहे. पुष्कळ ठिकाणी अशा शिळेला शेंदूर लावून लोक देव म्हणून पूजतात. त्यात चूक काढू नये. ज्याने गावासाठी प्राण दिला त्याचे नाव विसरले, पण नमस्कार चालू राहिला.

_सतीशिळा._ कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला, वर उचललेला स्त्रीचा हात. हा पाहून मान खाली जावी आणि डोळे उघडावेत. ही प्रथा कायद्याने बंद होण्यासाठी १८२९ साल उजाडावे लागले. त्या हाताला नमस्कार करताना प्रथेचा गौरव करायचा नाही. त्या स्त्रीला तिची इच्छा कोणी विचारली होती का, हा प्रश्न विचारायचा. आणि लगेच दुसरा प्रश्न : आपल्या घरातल्या विधवा मावशीला, काकूला आजही हळदीकुंकवाला मागे बसवले जाते का?

_समाध्या._ चौथऱ्यावर शिवलिंग, नंदी, पादुका किंवा तुळशीवृंदावन. गोसावी, नाथपंथी, लिंगायत अशा अनेक समाजांत भूमीत बसवण्याची रीत आहे. पादुकांवरून येथे साधुपुरुष आहे हे कळते.

साताऱ्याजवळचे संगम माहुली हे अशा शोधाचे एक बोलके उदाहरण. कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या समाध्या आहेत. १७४९ साली निधन पावलेल्या छत्रपती शाहू महाराजांची समाधी येथेच आहे. त्यांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याचीही समाधी आहे. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांना वाचवले असे सांगतात. मात्र महाराणी येसूबाई, ज्यांनी रायगड पडल्यावर जवळपास तीस वर्षे मोगलांच्या कैदेत काढली आणि १७१९ साली ज्या परत आल्या, त्यांची समाधी नेमकी कोणती हे बराच काळ कोणाला खात्रीने सांगता येत नव्हते. अलीकडच्या वर्षांत स्थानिक इतिहास अभ्यासकांनी जुन्या कागदपत्रांतले उल्लेख आणि प्रत्यक्ष जागा ताडून ती निश्चित केली.

कुत्र्याची समाधी सर्वांना माहीत आणि महाराणीची विस्मृतीत! हे ऐकून हसू येते, मग लाज वाटते. खंड्याच्या इमानाचा मान योग्यच आहे. पण आपण कोणाला लक्षात ठेवतो यावरून कोणाचा त्याग मोठा होता हे कळत नाही, हे मात्र यातून कळते. घरातही असेच असते. चारचौघांत बोलणारे लक्षात राहतात. पहाटे चारला उठून चूल पेटवणारी आजी फोटोतही नसते.

पाहायला जाताना पाळायच्या गोष्टी

१. जागा कोणत्याही धर्माची असो, तेथल्या जाणत्या माणसाला विचारून आत जावे. पादत्राणे आणि आवाज दोन्ही बाहेर ठेवावेत.

२. शिळेवर अक्षरे दिसावीत म्हणून खडू, हळद, तेल लावू नये, तारेच्या ब्रशने घासू नये. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरे आपोआप उठून दिसतात.

३. भक्तीच्या भरात ऑइल पेंट, सिमेंट, टाईल्स यांचा मारा करू नये. जीर्णोद्धाराच्या नावाखाली शेकडो वर्षांचे कोरीव काम एका दिवसात झाकले जाते.

४. समाधीच्या भेगेत वाढलेले झाड उपटू नये. मुळाबरोबर दगडही निघून येतो. पुरातत्त्व खात्याला किंवा जाणकारांना कळवावे.

५. शिळा उचलून देवळात, शाळेत किंवा घरी आणू नये. ती कोठे उभी होती हाच अर्धा इतिहास असतो.

६. गावातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून त्या जागेची आठवण तारखेसह वहीत लिहून ठेवावी. मात्र 'असे सांगतात' आणि 'असे लिहिलेले आहे' यांच्यात फरक करावा. नाथांनी पोथीत जे पथ्य पाळले तेच हे.

पाठाचे सार

आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक इच्छा असते. आई-वडिलांच्या नावे काहीतरी करावे. चांगली इच्छा आहे. पण ती पुष्कळदा बाकावर, पंख्यावर, देवळाच्या फरशीवर नाव कोरण्यापाशी संपते. फरशीवरच्या नावावर तर लोक पाय देऊन जातात. नाव कोरू नये असे नाही. आधी पायरी बांधावी, मग वाटल्यास नाव. वडिलांना वाचनाची आवड होती ना? मग दोन मुलांची वर्षाची पुस्तके. आईने आयुष्यभर आजाऱ्यांना पेज नेऊन दिली ना? मग शेजारच्या एकट्या आजोबांना आठवड्यातून एकदा डबा. हीच त्यांची जिवंत समाधी.

श्मशानातून परतताना म्हणूनच तीन गोष्टी बरोबर घ्याव्यात. जे सोडायचे आहे ते आजच सोडणे, त्रैलंग स्वामींसारखे. ज्यांचे नाव नाही त्यांना ओंजळ देणे, आकाशदीपासारखे. आणि जे झाकले गेले आहे ते स्वच्छ करून पुढच्याच्या हाती देणे, एकनाथांसारखे. यांपैकी एक जरी गोष्ट घरी पोचेपर्यंत टिकली, तरी ते श्मशानवैराग्य राहिले नाही, विवेक झाला.

चिंतनासाठी प्रश्न (स्वाध्याय मंडळात एकेकाने पाच मिनिटे बोलावे)

• शेवटच्या अंत्ययात्रेत माझ्या मनात कोणता निश्चय उठला होता? त्याचे पुढे काय झाले?

• माझ्या घराण्यात अशी कोणती व्यक्ती आहे जिचे कष्ट मोठे आणि नाव मात्र कोणालाच आठवत नाही?

• माझ्या आयुष्यात 'अजानवृक्षाची मुळी' कोणती? कोणत्या चांगल्या वचनाचा कंठ माझ्या सवयींनी आवळला गेला आहे?

या पंधरवड्याचा स्वाध्याय

आपल्या गावातील किंवा परिसरातील एका जुन्या समाधीस्थळाला, वीरगळाला किंवा दफनभूमीला एकदा जाऊन या. शक्य असल्यास घरातल्या एका मुलाला बरोबर न्या. फोटो काढण्याआधी दहा मिनिटे नुसते बसा. घरी आल्यावर वहीत दोनच ओळी लिहा : 'मी काय पाहिले' आणि 'मी आजपासून काय करणार'. पंधरा दिवसांनी दुसरी ओळ पुन्हा वाचा.

आणि जे काशीला जाणार असतील त्यांनी पहाटे एकदा दुर्गाघाटाच्या पायऱ्या सावकाश उतराव्यात. शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसताना ज्यांनी ही पायरी बांधली आणि ज्यांनी तिच्यावरून शेवटची पावले टाकली, त्या सर्वांसाठी एक ओंजळ गंगेला द्यावी. उठताना शेजारी कोणी म्हातारे माणूस पायरी चढायला आधार शोधत असेल, तर त्याला हात द्यावा.